टोल्किन वाचन : सहावा खंड संपला, सातवा हाती

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांचे मसुदे त्यांचे पुत्र क्रिस्तोफर टोल्किन यांनी संपादित केले, त्या ‘हिस्ट्री ऑफ मिडल-अर्थ’च्या (१९८३ ते १९९६) बारा खंडांपैकी सहावा या महिन्यात वाचून झाला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर दोन जाड पुस्तके उघडी ठेवायची म्हणजे वजने लागतातच. पण एका बाजूला छापील ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, दुसऱ्या बाजूला मसुदे आणि मध्ये वही, या बैठकीखेरीज हे खंड वाचण्यात अर्थ नाही.

वहीतली सर्वांत मोठी नोंद ब्री गावच्या सराईची आहे. कोपऱ्यात बसलेला जो अनोळखी इसम पुढे राजा ॲरागॉर्न ठरतो, तो सुरुवातीच्या मसुद्यांत माणूसच नाही. तो पायात लाकडी बूट घालणारा, ट्रॉटर नावाचा हॉबिट (टोल्किन यांच्या कथांतील ठेंगणी जमात) आहे, आणि त्याच्यासमोर छापील कादंबरीचा नायक फ्रोडो याच्याऐवजी बिंगो बसला आहे. हा इसम कोण, हे त्या वेळी आपल्यालाही ठाऊक नव्हते, असे जे. आर. आर. टोल्किन यांनी पुढे एका पत्रात लिहिलेच आहे. तो माणूस झाल्यावरही ट्रॉटर हे नाव बराच काळ टिकून राहते, हे मला विशेष वाटले.

कादंबरीची हस्तलिखिते १९५७ साली अमेरिकेतील मार्केट (Marquette) विद्यापीठाने विकत घेतली, इतर बरेच कागद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत, आणि काही मसुदे तर उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले आहेत; त्यांचा क्रम लावणे हेच मुळात संशोधन होते. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र ज्यांनी चाळले आहे, त्या नागपूरकरांना पाठभेदांचे हे जंगल परके वाटणार नाही. फरक इतकाच की, तिथे पोथ्या अनेक लेखनिकांच्या आहेत. इथे सारे पाठभेद एकाच हातचे, आणि संपादक त्याचा मुलगा.

टोल्किन यांचा वारसा म्हटला की एल्फ आणि बुटक्यांच्या अनुकरणांची यादी पुढे केली जाते. मला ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. २५ नोव्हेंबर १९३६ च्या ब्रिटिश अकादमीतील व्याख्यानात त्यांनी ‘बेवुल्फ’ हे प्राचीन इंग्रजी काव्य इतिहासाची खाण म्हणून न वाचता काव्य म्हणून वाचावे आणि त्यातील राक्षस व ड्रॅगन हेच त्याच्या केंद्रस्थानी आहेत, असे मांडले. त्यानंतर त्या काव्याच्या अभ्यासाची दिशाच बदलली. दहाच महिन्यांनी, सप्टेंबर १९३७ मध्ये, ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले. त्यात नायक बिल्बो ड्रॅगनच्या खजिन्याच्या ढिगातून एक पेला चोरतो. ‘बेवुल्फ’मधला ड्रॅगनही पेल्याच्या चोरीनेच चवताळतो. अभ्यासक आणि कथाकार यांना वेगळे काढू पाहणाऱ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत.

सहावा खंड मोरिया या भूमिगत नगरीत, बालिन या बुटक्याच्या थडग्यापाशी थांबतो. कादंबरीचे लेखनही तिथेच बराच काळ अडले होते. सातवा खंड मात्र लगेच पुढे न सरकता मागे वळतो आणि जादूगार गॅन्डाल्फला उशीर का झाला, याची जुळवाजुळव करत बसतो. तो संपला की १९३६ चे व्याख्यान आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेले ‘बेवुल्फ’चे गद्य भाषांतर जोडीने घ्यायचे आहे, कारण भाषांतरासोबतचे भाष्य मुख्यतः त्यांच्या वर्गातील व्याख्यानांवरच बेतलेले आहे.