ठराविक असा फॉरमॅट नाहीये, मॅडम!

गाळ काढणं, बंधारा, शाळादुरुस्ती अशी कामं एकामागून एक करणाऱ्या छोट्या संस्थांसाठी हे लिहितेय. आमचीही तशीच आहे, मराठवाड्यातली. दर प्रकल्पाला ग्रामसभेच्या ठरावापासून हजेरीपत्रकापर्यंत सगळं नव्याने टाइप व्हायचं. त्याचा कंटाळा येऊन नमुन्यांचा कायमचा संच करायला घेतला.

ठराव, जागेचं संमतीपत्र, कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता, हजेरी, कार्यपूर्तीचा दाखला हे सगळं भराभर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते युसीवर, म्हणजे मिळालेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला असं देणाऱ्याला लिहून देणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर.

पैसे एका कंपनीच्या सीएसआरचे होते, म्हणजे सामाजिक कामांवर कंपनीला कायद्याने जो खर्च करावा लागतो त्यातले. त्यांच्या अकाउंट्सला फोन करून म्हटलं, साहेब, तुमचा युसीचा नमुना द्या, संचात तोच घालते. "ठराविक असा फॉरमॅट नाहीये, मॅडम. तुम्ही पाठवा, आम्ही बघतो." पाठवला. उत्तर आलं, "आमच्या फॉरमॅटमध्ये नाही." मग तुमचा द्या ना! "ठराविक असा नाहीये." हे संभाषण मी इतक्यांदा केलंय की समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करू शकते. त्यात दर वेळी फोनवर नवा माणूस. एकाला खर्च तिमाहीनुसार हवा, दुसऱ्याला हेडनुसार, म्हणजे मजुरी, डिझेल अशा खर्चाच्या प्रकारांनुसार, तिसऱ्याला व्याज वेगळ्या ओळीत. (व्याजाचं त्याचं बरोबर होतं. निधीवर बँकेत मिळालेलं व्याज वेगळंच दाखवा.)

खरी खडाजंगी झाली पाच टक्क्यांवरून. आमच्या फील्ड समन्वयकाचा पगार त्यांनी 'प्रशासकीय खर्च' धरला आणि पाच टक्क्यांच्या वर जातोय म्हणून युसी परत. आता सीएसआरच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्यात मोडतच नाही, असं व्याख्येतच लिहिलंय. नियम २ आणि नियम ७. दोन्हींची प्रिंट काढून मेलला जोडली. त्यावर आठवडेच्या आठवडे शांतता, आणि मग एका ओळीचं उत्तर, "करारात काय आहे ते बघा." करारात नुसतं 'अ‍ॅडमिन' लिहिलं होतं, त्यात काय येतं आणि काय नाही याचा पत्ता नाही. करार त्यांच्याच विधी विभागाने केलेला.

त्यांची धास्ती कशाची, हे नंतर त्यांच्यातल्याच एका भल्या बाईंनी सांगितलं. दिलेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाला, असं कंपनीच्या सीएफओला, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याला, नियमाने प्रमाणित करावं लागतं. शिवाय चालू प्रकल्पाचा उरलेला पैसा ३१ मार्चनंतर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचा असतो. म्हणून मार्च आला की तिकडे सगळ्यांचा जीव टांगणीला. ठीक आहे, पण मग कागद आधी द्यायला काय होतं? शेवटी त्यांचा 'नसलेला' फॉरमॅट त्याच बाईंनी पाठवला. तिरका स्कॅन केलेला, झेरॉक्सची झेरॉक्स, कोपऱ्यात दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेचा अर्धा शिक्का. बसून टाइप केला.

माझा संच तिथून उलटा फिरला. युसी सगळ्यात शेवटचा कागद, पण नमुना आधी त्याचा करा. त्यात जी हेडं आहेत तीच बजेटात, तीच व्हाउचरवर. आम्ही हेडला कोड दिले. व्हाउचरवर कोड नसेल तर आमचे अकाउंटंट काका पैसे सोडत नाहीत, समोर कोणी का असेना. एक्सेलमध्ये खर्चाच्या नोंदींचं एक पान, त्यावरून 'सम-इफ्स' या सूत्राने हेडवार बेरीज थेट युसीत. नोंदींच्या पानावर मर्ज केलेले सेल ठेवू नका, सॉर्ट करताना अडतं.

आणि करारासोबतच परिशिष्ट म्हणून युसीचा कोरा नमुना जोडून सही घ्या. 'अ‍ॅडमिन'मध्ये काय येतं तेही तिथेच लिहून घ्या. सही होईपर्यंत सगळे गोड बोलतात.

मशीनच्या लॉगशीटचं राहिलंच. पोकलेनच्या तासांवर बिल निघतं. आमच्या जुन्या तक्त्यात 'एकूण तास' असा रकाना होता. ऑपरेटर त्यात ४.३० लिहायचा, म्हणजे साडेचार तास. मशीनचं मीटर दशांशात चालतं, त्यात साडेचार म्हणजे ४.५. एक्सेलला काय, ४.३० म्हणजे ४.३, रोज बारा मिनिटं गायब. मशीनमालक भांडायला आला तेव्हा उलगडा झाला. आता रकाने दोनच, 'मीटर सुरू' आणि 'मीटर बंद', शेजारी डिझेल आणि गावातल्या एकाची सही. वजाबाकी ऑफिसात. साइटवरचा नमुना कागदावरच ठेवा, अक्षर मोठं आणि रकाने रुंद, धुळीच्या हाताने भरायचा असतो तो.

तारखांचंही तसंच. एखाद्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन असली तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, आणि १३ एप्रिल नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. आपण काही केलं नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे. डावीकडे तारीख दिसली की थांबा.

वर्डचे नमुने डॉटएक्स (.dotx, वर्डचा टेम्प्लेट प्रकार) म्हणून सेव्ह करा. डबल क्लिकवर कोरी प्रत उघडते, मूळ फाइलवर कोणी गावाचं नाव टाइप करून ठेवत नाही. सीएच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात यूडीआयएनची (सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची) जागा सोडा, अठरा अक्षरं मावतील एवढी. आमचं एक युसी निव्वळ त्या आकड्यावाचून परत आलं होतं, आणि त्या दिवशी सीए साहेब लग्नाला गेलेले.

यंदा नवा देणगीदार आहे. पहिल्याच बैठकीत युसीचा नमुना मागितला. त्यांचे साहेब हसले, "आत्ताच कशाला? अजून पैसे तर येऊ द्या." मी म्हटलं, नाही, आधी नमुना. तीन दिवसांत मेलवर आला, स्वच्छ एक्सेलमध्ये. त्यांची हेडं आमच्या कोडांना जोडायला एक दुपार पुरली.