तुम्ही विचारलंत म्हणून: नवा आलाय ना, मग जुना गेम कशाला?

"मामा, नवा आलाय ना, मग जुन्याचा हट्ट कशाला?" हे पहिल्यांदा भाच्याने विचारलं. मग दापोलीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारी मुलं विचारू लागली. गणपतीत आलेले चाकरमानीही विचारतात. कंपनीने जुना गेम विक्रीतून काढला की मी अस्वस्थ होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि आमच्या दापोली-मंडणगडचीही दैना करून गेलं. आंजर्ल्याला आमच्या वाडीतले माड, पोफळी आडव्या झाल्या, घराची निम्मी कौलं उडाली. लाइट कित्येक आठवडे नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. टाळेबंदीमुळे बहीण आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा आमच्याकडेच होते. त्याच्या मोबाइलमधले गेम उघडले की आधी नेट मागायचे, आणि तिथेच अडायचे. दिवसभर आम्ही कौलं सारखी करायचो. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या जनरेटरवर माझा जुना लॅपटॉप चार्ज करून मामा-भाचे वॉरक्राफ्ट २ खेळायला बसायचो. गेम १९९५ चा. सोनं, लाकूड, तेल जमवायचं आणि जहाजं बांधून लढायचं. खिडकीबाहेर समुद्र अजून गढूळच होता, आणि हा पोरगा मोठ्याने सांगत होता की आपण सुवर्णदुर्ग वाचवतोय.

तो गेम मी २०१९ मध्ये गॉग या ऑनलाइन दुकानातून विकत घेतला होता. तिथल्या गेमला कुलूप नसतं. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की पुढे चालवायला कुणाला विचारावं लागत नाही. वादळात तो चालला तो एवढ्याच कारणाने.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डने पहिल्या दोन्ही वॉरक्राफ्टचे रिमास्टर, म्हणजे सुधारून चकचकीत केलेल्या आवृत्त्या, बाजारात आणले, आणि १३ डिसेंबरला जुने दोन्ही गेम गॉगच्या विक्रीतून काढले गेले. आधी घेतलेल्यांना ते पुढेही उतरवता येतील असं गॉगने सांगितलं, त्यामुळे माझं काही गेलं नाही. रिमास्टरमध्ये जुनी चित्रंही पाहता येतात, तेही सांगायला हवं. पण आज कुणी नवा माणूस गॉगवर तो जुना, बिनकुलपाचा गेम घ्यायला गेला, तर त्याला तो मिळत नाही.

नवा गेम म्हणजे जुनाच, फक्त चकचकीत, असं मुलांना वाटतं. त्यांना मी जीटीए मालिकेतल्या सॅन अँड्रियास या गेमचं उदाहरण देतो. २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर तो आला तेव्हा त्या यंत्राची मेमरी होती ३२ एमबी. लांबचं सगळं एकदम दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून क्षितिजावर धूसर तांबूस धुरकं पसरलेलं असायचं. त्या धुरक्यामुळेच तो प्रदेश अफाट वाटायचा. डोंगराच्या पलीकडे काय आहे ते तिथवर गेल्याशिवाय कळत नसे. आंबेनळीच्या घाटात पावसाळी धुक्यातून गाडी चालवलेल्याला हे वेगळं समजावायला नको. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो बनवणाऱ्या रॉकस्टारने सॅन अँड्रियाससकट तीन जुने जीटीए विक्रीतून काढले आणि नोव्हेंबरात सुधारित संच आणला. त्यात धुरकं साफ पुसलं गेलं. उंचावर उभं राहिलं की या टोकापासून त्या टोकापर्यंतचं सगळं दिसू लागलं, आणि मुलुख एवढासा झाला. पाऊस तर असा की पांढऱ्या रेघांतून समोरचा रस्ता दिसेना. कोकणातल्या माणसाला पाऊस चुकलेला लगेच कळतो. खेळणाऱ्यांनी गदारोळ केला तेव्हा कंपनीने माफी मागितली आणि पीसीवर जुन्या आवृत्त्या पुन्हा उपलब्ध केल्या. जुन्यासारखा उजेड आणि आकाश पीसीवरच्या नव्या संचात नीट यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. जुना गेम शेजारी असला तरच नव्यात काय बिघडलं हे दाखवता येतं. म्हणून तो काढण्याचा मला राग येतो.

कधी कारण निराळं असतं. जीटीए ४ मधली बरीच गाणी २०१८ मध्ये गेली, कारण त्यांच्या हक्कांची दहा वर्षं संपली होती. हे मी समजू शकतो. निन्टेंडोने मारिओच्या तीन जुन्या गेमचा संच सप्टेंबर २०२० मध्ये आणला आणि ३१ मार्च २०२१ नंतर विकायचाच नाही असं आधीच ठरवलं, ते मात्र मला समजत नाही. आणि युबीसॉफ्ट कंपनीच्या द क्रू या गेमचं काय झालं? गेम २०१४ चा, कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय न चालणारा, आणि सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद. पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या हातात निकामी झाला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा.

"जुनं ग्रंथालयात ठेवतील की," असं एक शिक्षक मला म्हणाले. ग्रंथालयांचेही हात बांधलेले आहेत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या जुने गेम जपणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये मोजलं, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते. अभ्यासकांना ते घरबसल्या पाहता यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

म्हणून मी जपतो. इथे ते सोपं नाही. खाऱ्या हवेने पिना गंजतात, आणि श्रावणात सीडीवर बुरशीची जाळी धरते. दोन हार्ड डिस्क आहेत. एक दुकानात, एक आंजर्ल्याला, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायच्या आधी दोन्ही लावतो आणि एकेक गेम खरोखर सुरू करून बघतो. गेल्या वर्षी भाचा सुट्टीला आला होता. आता पंधरा वर्षांचा आहे. मी डिस्क लावली तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते जहाजांचं आधी."