तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपचं नाव विचारलं की मी झाकणाचं का विचारते

"ताई, पस्तीस हजारात चांगला लॅपटॉप कुठला, फक्त नाव सांगा." बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतो, गणपतीत चाकरमानी आले की येतो, दिवाळीच्या सेलआधी तर रोजच येतो. मी नाव सांगत नाही. मी उलट विचारते की मागचं झाकण उघडलं तर आत रॅमचा स्लॉट आहे का, म्हणजे मेमरीची पट्टी बसवायची खाच, आणि एसएसडी, म्हणजे जिच्यात सगळ्या फाईली राहतात ती, बाहेर काढता येते का. मग समोरचा एकतर गप्प होतो नाहीतर चिडतो, साधं एक नाव सांगायला हिचं काय जातं म्हणून. आणि मागून बोललेलं पण माझ्या कानावर आलंय, की हिचा दुरुस्तीचा धंदा, उघडणारे लॅपटॉप घेतले लोकांनी तर हिलाच गिऱ्हाईक. आता एकदा सगळं लिहूनच टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

धंद्याचं आधी सांगते कारण ते मला लागलंय. गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीसारख्या ठिकाणी दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळं ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डावरच सोल्डर केलेलं असलेला लॅपटॉप बिघडला की जास्त पैसे मिळतात, कारण मग बोर्डावर काम करावं लागतं किंवा अख्खा बोर्डच बदलायला लागतो. रॅमची स्टिक काढून दुसरी लावायला किती वेळ लागतो? त्याची मजुरी मागताना मलाच लाज वाटते. तेव्हा माझ्या खिशाचा हिशोब करून मी हा सल्ला देते असं कोणी म्हणू नका.

नाव का नाही, तर एकाच नावाखाली आत काहीही असतं. तीच सिरीज, तेच झाकण, तोच रंग, आणि एकाचा प्रोसेसर इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन, एकाचा आय थ्री, एकाचा एएमडीचा रायझन, एकात 1366 बाय 768 चा स्क्रीन आणि दुसऱ्यात फुल एचडी. मी नाव सांगितलं आणि तुम्ही त्यातला सगळ्यात स्वस्त उचलून आणलात तर तुम्ही म्हणणार ताईनेच सांगितलेला. मॉडेल नंबरच्या शेवटी जी अक्षरं-आकडे असतात ना, जी कोणी वाचत नाही, खरा लॅपटॉप तिथे असतो.

आय सेव्हनचं पण तेच. "सेकंडहँड आय सेव्हन मिळतोय पंधरा हजारात, घेऊ?" अरे पण कितवी जनरेशन? आय सेव्हन 4600यू हा 2013 चा, त्यात दोनच कोर, म्हणजे काम करणारे मेंदू दोनच. आणि आय थ्री 1215यू, जो बाराव्या जनरेशनचा आहे, त्यात दोन मोठे आणि चार छोटे असे सहा कोर. म्हणजे थ्री हा सेव्हनच्या कितीतरी पुढे. वर त्या जुन्या आय सेव्हनवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. एएमडीमध्ये तर आकड्यांनी अजून फसायला होतं. रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू, दिसायला दहाचा फरक, पण तिसरा आकडा बघा. 2 म्हणजे झेन 2, ती 2019 ची रचना, चार कोर, आणि रॅम कायम ऑनबोर्डच. 3 म्हणजे झेन 3, सहा कोर. डब्यावर दोन्हीकडे मोठ्या अक्षरात "रायझन 5, 7000 सिरीज" एवढंच लिहिलेलं असतं. मुलाच्या शिक्षणाला आंब्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेल्या माणसाने हे कुठून ओळखायचं, सांगा मला. राग येतो तो याचा येतो, विचारणाऱ्यांचा नाही.

आता झाकणाचं. हे मी आधीपासून म्हणत होते, पण हट्टाने म्हणायला लागले ते 2021 च्या जुलैनंतर. 22 जुलैच्या पुरात चिपळुणात काय झालं ते इथल्या कोणाला सांगायची गरज नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्यात लोकांचे दिवस गेले, लॅपटॉपकडे बघायला कोणाला वेळ होता, आणि मग माझ्याकडे पिशव्या यायला लागल्या. चिखलाने भरलेले, कीबोर्डच्या फटीत माती, काहींना तर वास येत होता. बहुतेक सगळे गेलेलेच होते, ते लोकांनाही माहीत होतं. "लॅपटॉप जाऊ दे, आतलं काय निघतंय का बघ" एवढंच म्हणायचे.

त्यात दोन पिशव्या एकाच दिवशी आल्या, दोन्ही बाजारपेठेतल्या. एक होता कुठल्यातरी कंपनीतून निघालेला जुना जाडजूड लॅपटॉप, एका ट्युशनवाल्या सरांचा. त्याचं झाकण खोललं, अडीच इंची एसएसडी बाहेर काढली, तिचं कव्हर उघडलं, आतला बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुतला, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, नीट वाळू दिला आणि एक्स्टर्नल केसमध्ये घालून माझ्या पीसीला लावला. सगळं दिसलं. प्रश्नपत्रिका, मुलांचे मार्क, सरांच्या आईचे फोटो. लॅपटॉप भंगारात गेला, सर मात्र माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून फोल्डरमागून फोल्डर उघडत राहिले.

दुसरा नवा होता, पातळ, पुराच्या आदल्याच वर्षी घेतलेला. सेलेरॉन एन4020, चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी स्टोरेज. एका काकूंचा, त्यांचं कापडाचं दुकान, आणि उधारी सगळी मुलाने त्यात एक्सेलमध्ये घालून दिलेली. आधी वही होती, मुलाने हौसेने सगळं त्यात चढवलं, वही राहिली दुकानातच आणि तिचा लगदा झाला. दुकान गेलं, माल गेला, आता लोकांकडून येणं किती ते तरी कळावं म्हणून त्या आलेल्या. मी झाकण उघडलं आणि बघितल्याबरोबर मला कळलं. काढण्यासारखं काहीच नव्हतं आत. ते चौसष्ट जीबी म्हणजे ईएमएमसी, मोबाईलमध्ये असते तशी एक चिप, थेट बोर्डावर सोल्डर केलेली. रॅम पण तशीच. बोर्ड जिवंत झाला तरच आतलं मिळणार, आणि बोर्डाच्या चिपांखाली मातीचं पाणी जाऊन हिरवं धरलेलं.

मी तो बोर्ड सोडला नाही. धुतला, परत धुतला, मीटर लावून शॉर्ट कुठे आहे ते शोधलं, एक कपॅसिटर काढला, तो शॉर्ट गेला तर दुसरीकडे निघाला. एकदा चार्जिंगची लाईट लागली आणि काकू उठून उभ्या राहिल्या. मग गेली ती गेलीच. मुंबईला ती चिप बोर्डावरून उचलून वाचणारे लोक आहेत, त्यांना फोन करून दर विचारला तर तो लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त, आणि मिळेल याची खात्री नाही, कारण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज आपणहून डेटा एन्क्रिप्ट करून ठेवतं, मग चिप वाचली तरी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आणि अकाउंट कुठल्या मेलवर उघडलेलं ते मुलाला आठवेना. काकूंनी मला विचारलं, "त्या सरांचं निघालं ना गं, मग माझंच का नाही? माझा तर नवीन आहे." मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं असं मला वाटत नाही, आणि का पटावं? दुकानदाराने त्यांना "एसएसडीच आहे, मोबाईलसारखी फास्ट" असं सांगून विकलेला, आणि आत बघायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढे त्यांनी तोंडी आठवून आठवून येणं गोळा केलं म्हणे. ज्यांची नियत चांगली त्यांनी दिलं.

यावर लोक म्हणतात पूर काय रोज येतो का. नाही येत. चहा रोज सांडतो. पावसाळ्यात वीज तासातासाला ये-जा करते, आणि अर्थिंग नसलेल्या स्विचबोर्डावर टू-पिन लावून चार्ज करणारी घरं मी बघितलीयत. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी इकडून येणाऱ्या लॅपटॉपचे स्क्रूसुद्धा खारट हवेने गंजलेले असतात. हे सगळं साध्या वॉरंटीत येत नाही, पाणी गेलं की कंपनी हात वर करते, त्यासाठी ॲक्सिडेंटल डॅमेजचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि ते घेताना कोणी सांगत नाही.

आता जे माझ्या विरोधात जातं ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं बोलते. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याचं म्हणणं असं की मावशी, तू ऑनबोर्ड रॅमला उगाच शिव्या घालतेस, ती एलपीडीडीआर5 जातीची रॅम वेगवान असते, बॅटरी कमी खाते, आणि सोळा जीबी आधीच असेल तर तुला स्लॉट हवाय कशाला. वर त्याने असं एक सांगितलं की मला उत्तर सुचेना. समुद्राकडच्या लॅपटॉपमध्ये "डिस्प्ले येत नाही" म्हणून जे येतात, त्यातल्या कितीतरी वेळा मी फक्त रॅम काढते, तिचे सोनेरी पाय खोडरबरने घासते, परत बसवते, चालू होतो. म्हणजे खराब काय झालेलं? स्लॉटमधला कॉन्टॅक्टच ना. ऑनबोर्डला तो कॉन्टॅक्टच नसतो. हे खरं आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की खोडरबरने बरा होणारा आजार मला चालतो, पण हे काही पूर्ण उत्तर नाही हे मलाही माहितीये.

दुसरं, काकूंच्या बाबतीत खरा इलाज झाकण नव्हता, बॅकअप होता. फाईलची एक कॉपी गूगल ड्राइव्हवर असती तर ईएमएमसी असो नाहीतर अजून काही, काही फरक पडला नसता. पेनड्राइव्ह होता, तो त्याच ड्रॉवरमध्ये होता. मग मी झाकणावरच का अडते? कारण बॅकअप घ्या असं मी प्रत्येकाला सांगते आणि कोणी घेत नाही, झाकणाचं मात्र खरेदीच्या दिवशी एकदाच बघायचं असतं.

पूर्वीची मी आणि आताची मी यांचं तर अजूनच जमत नाही. पूर्वी मी ठामपणे म्हणायचे की सेकंडहँड नको, नवीनच घ्या, बिलासकट, वॉरंटीसकट. आता बजेट पंचविसाच्या आत असेल तर मी म्हणते आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा, कंपन्यांतून निघालेला बिझनेस सिरीजचा बघा. आय फाइव्ह 8250यू 2017 चा आहे पण चार कोर आहेत, त्याचं झाकण उघडतं, बिजागरी मजबूत असते, आणि नव्या सेलेरॉनपेक्षा तो कॉलेजची वर्षं नीट काढतो. पूर्वीची मी यावर म्हणते, आणि बॅटरी? ती निम्मी संपलेली असते, दुकानदार "चार तास चालते" म्हणतो, विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता किती आणि आता किती भरते ते समोर येतं. आणि विंडोज 11 ने एकदा आठव्या जनरेशनवर रेघ मारली, ती उद्या आणखी वर सरकली तर? याला माझ्याकडे उत्तर नाही. तिसरी गोष्ट रॅमच्या भावाची. "आता आठ जीबीचा घ्या, नंतर एक स्टिक वाढवा" हे मी वर्षानुवर्षं सांगत आले, स्टिक वाढवली की दोन चॅनल होतात, म्हणजे डेटाला ये-जा करायला दोन रस्ते मिळतात, ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो. पण 2025 च्या शेवटापासून रॅम इतकी महाग झाली की नंतर वाढवणं स्वस्तात पडेलच असं आता म्हणवत नाही. तरी स्लॉट असलेला बरा, भाव उतरले तर निदान जागा तरी आहे.

काय टाळायचं ते मात्र मी ठामपणे सांगीन. चार जीबी ऑनबोर्ड आणि वाढवायला स्लॉट नाही, असा कितीही स्वस्त मिळाला तरी नको, विंडोज 11 एकटंच त्यातलं निम्म्याहून जास्त खातं. चौसष्ट जीबी ईएमएमसी नको, एक मोठा अपडेट आला की जागा संपते. 1366 बाय 768 नको, अकाउंटिंगला जाणार असाल तर अजिबातच नको, एक्सेलचे कॉलम मावत नाहीत. स्क्रीन दुकानात खालून आणि बाजूने बघा, रंग उलटे किंवा फिके दिसले तर तो बहुतेक स्वस्तातला टीएन पॅनल, दुसरा दाखवायला सांगा. प्रोसेसरवर ज्यादा पाच हजार घालण्यापेक्षा रॅम आठाची सोळा जीबी करा. आणि ऑनसाइट वॉरंटी म्हणजे नेमकं कुठपर्यंत, आपल्या पिनकोडला माणूस येतो का, ते पैसे द्यायच्या आधी विचारा, रॅम-एसएसडी स्वतः बदलली तर वॉरंटी राहते का तेही लेखी विचारा, कंपनीगणिक उत्तर वेगळं मिळतं.

एवढं वाचूनही नाव हवं असेल तर मला लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर पाठवा, शेवटच्या अक्षरांसकट, दुकानात असाल तर खालच्या स्टिकरचा फोटो. बऱ्याच कंपन्या त्यांच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल ठेवतात, त्यात झाकण उघडल्यावर आत काय काय आहे त्याचं चित्र असतं. मी ते उघडून बघते आणि हो की नाही ते सांगते. फक्त सेल रात्री बारा वाजता सुरू होणार म्हणून साडेअकराला पाठवू नका, दोन दिवस आधी पाठवा.