शेंडा पिवळा पडला की मी काय तपासतो

टोमॅटोचा शेंडा पिवळा दिसला की सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण फवारायचं, ही घाई मी सोडून दिली आहे. आधी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघतो. खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी असतील तर बहुधा मॅग्नेशियम कमी पडतंय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा जाळीसारख्या हिरव्या असतील तर संशय लोहावर. जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे जात नाही, म्हणून फटका शेंड्याला.

मग वापसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहेत का ते. पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि जमिनीत लोह असूनही उचलत नाहीत. पाणी तोडल्यावर नवी पानं हिरवी निघाली तर खताचा खर्च वाचला. पिवळी झालेली जुनी पानं बघून निकाल लावायचा नाही.

तरी शंका उरली तर १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) विरघळवून ब्रशने अर्ध्याच पानाला लावतो. आठवडाभरात तेवढ्याच भागावर हिरवे ठिपके उमटले तर लोहच. द्रावण ताजंच हवं. तांबूस झालं की लोह पानात शिरत नाही. चुनखडीच्या जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून ठेवणारं संयुग) घेतो. ईडीटीए चिलेट स्वस्त असतं, पण जमिनीचा सामू (पीएच) ६.५ च्या वर गेला की टिकत नाही.

सगळ्यात जपून वापरायचं ते बोरॉन. फ्लॉवरचं खोड पोकळ आणि गड्डा तपकिरी होत असेल तर १ लिटरला १ ग्रॅम बोरिक ॲसिड फवारतो. नुसतंच खोड पोकळ असेल तर नत्र जास्त झालेलं असू शकतं, तेही बघावं. बोरॉनचा डोस चढला की जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग करपलेल्या दिसतात. पाणी पानाच्या कडेपर्यंत जाऊन उडतं, बोरॉन तिथेच साठतं. त्यावर भरपूर पाणी देऊन निचरा करणं हाच उपाय. अशा वाफ्यात लगेच घेवडा लावत नाही, तो फार नाजूक.

वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारलेल्या जमिनीत तांबं साठतं. मुळं आखूड, जाड होतात आणि शेंडा अगदी लोह कमी असल्यासारखा पिवळा दिसतो. म्हणून झाड उपटून मुळं बघितल्याशिवाय मी हिराकसाच्या पुड्याला हात लावत नाही.