जुन्या कारसाठी बोटीचं इंजिन: यार्डातला एक दिवस

यार्डात बघण्यासारखी तीन इंजिनं होती. एक व्होल्वो पेंटा एक्यू १३०, आणि दुहेरी इंजिनाच्या एकाच बोटीतून उतरवलेली शेवरोले ३२७ व्ही-८ची जोडी. दिवसभरात एक्यू १३० आणि जोडीतलं एक पसंत पडलं, दुसरं तिथंच सोडलं. तिथं जाणाऱ्याने एवढं मनाशी पक्कं ठेवावं की पैसे ब्लॉक, क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) आणि हेडचे मोजायचे. वर जोडलेलं बाकी बहुतेक सामान पाण्यावरच्या कामाचं असतं.

ओळख पटवताना रंगावर आणि पाटीवर विसंबू नका. एक्यू १३० म्हणजे मुळात व्होल्वो कारमधलंच बी-२०: बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८० मिमी, १९८६ सीसी. आधीच्या बी-१८चा स्ट्रोक तोच, पण बोअर ८४.१ मिमी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून ब्लॉकच्या डाव्या बाजूला (डावं-उजवं मागून, फ्लायव्हीलकडून पाहता) ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचा. शेवरोले व्ही-८वर ठोकलेला नंबर उजव्या हेडच्या पुढच्या सपाट जागेवर आणि ओतीव नंबर मागे डाव्या कडेवर, फ्लायव्हीलच्या बाजूला सापडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक फिरण्याच्या दिशेची. दुहेरी इंजिनाच्या बोटीत एक इंजिन उलटं फिरणारं असू शकतं. कधी मात्र दोन्ही सुलटीच असतात आणि दिशा गिअरबॉक्स बदलतो, त्यामुळे जोडी आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. प्लग काढा, टॅपेट कव्हर उघडा आणि समोरून पाहत क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पान्याने हळूहळू फिरवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत येताना त्याच सिलिंडरचा इनलेट उघडू लागला, तर इंजिन सुलटं, म्हणजे कारसारखं फिरणारं. इनलेट मिटताना एक्झॉस्ट उघडू लागला, तर उलटं. उलट्याचा कॅमशाफ्ट, स्टार्टर, मागचं ऑइल सील, फायरिंग ऑर्डर सगळंच वेगळं. कारसाठी सुलटं करायला निघालात तर खर्च हाताबाहेर जातो.

नंतर पाणी. ऑइल चेंबरचा नट एकदम काढू नका, थोडा सैल करा. पाणी तेलाखाली बसतं, त्यामुळे असेल तर तेच आधी ठिबकतं. सोडून दिलेल्या इंजिनातून कपभर पाणी आलं आणि त्यामागून दुधाळ तेल. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याने थंड होणारा असतो. तो आतून सडला की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. त्याच इंजिनाचा वेल्च प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेवरचं पत्र्याचं झाकण) काढून आत स्क्रूड्रायव्हर टोचला, तर गंजाचे पापुद्रे सुटून आले आणि खाली धातूला खड्डे. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरलेलं असलं की हे होतंच. हीट एक्स्चेंजर (ब्लॉकमध्ये गोडं पाणी फिरवून ते समुद्राच्या पाण्याने बाहेरून थंड करणारा) दिसला तर बरं, पण तो नंतरही बसवलेला असतो, तेव्हा आत डोकावल्याशिवाय हो म्हणू नका. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. सिलिंडरांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर हेड उतरवावंच लागेल असं धरून भाव करा.

घरी आणल्यावर पाण्याचा मॅनिफोल्ड आणि रबरी इंपेलरचा (पात्यांच्या चाकाचा) पाण्याचा पंप बाजूला काढा. खाऱ्या पाण्यात क्षार धरू नयेत म्हणून थर्मोस्टॅट साधारण ६० अंशांचा असतो. तोच ठेवलात तर तेल पुरेसं तापत नाही, ओल उडत नाही आणि चिकट गाळ साठतो. ८२ ते ८८ अंशांचा बसवा. डिस्ट्रिब्युटरला बहुधा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (भार कमी असताना ठिणगी लवकर पाडणारी सोय) नसतो, कारण बोट सतत लोडवर चालते. कारचाच लावा, नाहीतर अर्ध्या थ्रॉटलवर पेट्रोल उगाच जळतं.

क्रँकच्या मागच्या तोंडाला पायलट बेअरिंगचं (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणाऱ्या बेअरिंगचं) भोक आहे का, हे ब्लॉक यार्डातच असताना पाहा. काही क्रँकना ते नसतं आणि गिअरबॉक्स बसत नाही. ऑइल चेंबर बोटीचा मोठा असतो, कारच्या क्रॉसमेंबरला अडतो. बदलताना तेल ओढणारी नळीही त्याच चेंबरची घ्या. बोटीत इंजिन पुष्कळदा मागे कललेलं असतं, म्हणून जुन्या डिपस्टिकची खूण कारमध्ये खोटी ठरते. नव्या चेंबरला लागणारं तेल मोजून ओता आणि तिथे नवी खूण करा.