अर्ध्या कुंपणाची कात्री

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुंपणालगत कुंतीची एक लांब रांग आहे. बारा वर्षे मी तिच्या शेजारून ये-जा करत होतो, तरी कुंतीला लाल फळे धरतात हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. कारण आमचे माळीकाका दर पंधरवड्याला ती दोरी लावल्यासारखी सपाट कापत आणि कुंतीचा बहर तर फांद्यांच्या शेंड्यांवर येतो. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या दुखण्यामुळे काका दोन-अडीच महिने गावी राहिले. झुडपे छातीपर्यंत वाढली, एके संध्याकाळी फुलांचा घमघमाट जिन्यापर्यंत आला आणि काही आठवड्यांनी पानांआड लाल फळे दिसू लागली. मग लालबुड्या बुलबुलांची एक जोडी रोज सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, हजर होऊ लागली.

तेव्हापासून मी फळांच्याच नजरेने झुडपांकडे पाहू लागलो. फाटकाजवळच्या सोनेरी पानांच्या ड्युरांटालाही मोकळे सोडले, तर जांभळ्या फुलांमागून नारिंगी मण्यांचे घोस लागतात. ती फळे माणसाला मात्र विषारी असतात आणि आमची मुले तिथेच खेळतात, म्हणून तिथली कात्री चालू राहावी असे मीच सुचवले. घाणेरीची रंगीत रोपे नर्सरीत मिळतात, तिची काळी फळेही पक्षी आवडीने खातात. पण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेले हे झुडूप पक्ष्यांच्याच विष्ठेतून देशभरच्या रानांत माजले आहे, त्यामुळे पाहुणचाराची तेवढी हौस मी आवरली.

खरा खानावळवाला निघाला तो स्वयंपाकघरामागचा कढीपत्ता. फोडणीपुरत्या पानांसाठी लावलेले ते झाड छपराला टेकले, आणि पावसाच्या तोंडावर त्याला जांभळट काळ्या फळांचे झुबके लागले. बुलबुल तर आलेच, शिवाय एरवी नुसती ऐकू येणारी कोकीळ, तिची ठिपक्या-ठिपक्यांची मादीसुद्धा, पानांत दडून फळे गिळताना दिसली. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला असल्याने त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्याही असतात. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, आणि आमच्या घरी पाने निवडताना त्यावरून एकदा बराच आरडाओरडा झाला आहे. कपड्यांच्या तारेखाली आता कढीपत्त्याची रोपे आपोआप उगवतात. तारेवर कोण बसते, हे त्यावरून कळते.

तक्रारी अर्थातच आल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी पांढऱ्या गाडीवरचे जांभळे डाग दाखवत विचारले, "फळांचे पुण्य तुम्हाला आणि डाग आमच्या गाडीला, हा कुठला न्याय?" न्याय नव्हताच. मी त्या रविवारी गाडी धुऊन दिली.

मागच्या भिंतीशी, जिथे बांधकामाच्या राड्यावर वीतभर माती आहे, तिथे करवंद लावले आहे. मुळशीकडच्या कातळावर जगणाऱ्या, मे महिन्यात पानांच्या द्रोणांतून शहरात येणाऱ्या या काटेरी जाळीला बागेचे लाड लागत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घातले, नंतर तेही विसरलो. काट्यांमुळे मांजर आत शिरत नाही, हा पक्ष्यांच्या दृष्टीने फळांइतकाच मोठा गुण आहे. दोन वर्षे झाली, फळ अजून एकही नाही.

माळीकाका परतले तेव्हा झिपरे कुंपण पाहून त्यांना वाईट वाटले. बऱ्याच वाटाघाटींनंतर ठरले, की रस्त्याकडची बाजू त्यांनी नेहमीसारखी तासावी आणि आतली बाजू फळे संपेपर्यंत तशीच राहू द्यावी. कात्रीला धार लावता लावता ते म्हणाले, "साहेब, कापायचं अर्धंच, तर पगार पण अर्धाच का?"