चोर कार्डातच होता

सापडला! तीन आठवडे ज्याने झोप घालवली, तो 'डेटा खराब आहे, गेम काढून पुन्हा डाउनलोड करा' हा निरोप कुठून येत होता ते काल रात्री पावणेदोनला कळलं. निन्टेन्डो स्विच हा माझा गेमचा कन्सोल निर्दोष. वायफाय निर्दोष. कन्सोलमध्ये घातलेलं मेमरी कार्ड बनावट. पाकिटावर २५६ जीबी, पोटात जेमतेम ३०.

मागच्या नोंदीत मी स्विच ओलेडचं (ओलेड पडद्याच्या स्विचचं) जपानी पॅकिंग घेतल्याचं लिहिलं होतं. त्यावर दोघा-तिघांनी विचारलं, त्यापुढचं मॉडेल स्विच २ का नाही? आमचा टीव्ही १०८० चा आहे, स्विच २ चं त्याहून बारीक चित्र त्यावर दिसणारच नाही, आणि स्विच २ ला गेम ठेवायला साधं मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. ते महाग आणि इथे मागवूनच घ्यावं लागतं. तेवढ्या पैशांत माझे दोन गेम येतात. जपानी पॅकिंगची भीती बाळगू नका: ओलेडमध्ये इंग्रजी निवडता येतं, अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे, फक्त चपट्या पिनांना कन्व्हर्टर लावायचा.

आता मुख्य गोष्ट. ओलेडमध्ये आतली जागा ६४ जीबी. मला वाटलं, एकदाच मोठं कार्ड टाकून मोकळं व्हावं. गावातल्या एका छोट्या दुकानात नामांकित कंपनीचं नाव छापलेलं २५६ जीबीचं कार्ड निम्म्याहून कमी भावात मिळालं. पाकीट सीलबंद, कन्सोलनेही २५६ च्या आसपासचाच आकडा दाखवला. शंका घ्यायला जागाच नव्हती.

मारिओ कार्ट ८ डिलक्स साधारण ७ जीबी, झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड साधारण १४, शेतीचा स्टारड्यू व्हॅली चिमुकला, मारिओ ओडिसी सहाच्या आत. सगळं कार्डावर उतरलं आणि आठवडाभर मजेत चाललं. मग भाचीसाठी अॅनिमल क्रॉसिंग उतरवला आणि दुसऱ्या दिवशी मारिओ कार्ट उघडेना. काढून पुन्हा उतरवला, तर झेल्डा गेला. झेल्डा सावरला, तर स्टारड्यू. एकाला उभं करावं तर दुसरा आडवा.

आधी संशय वायफायवर. आमच्या इमारतीत संध्याकाळी नेट रखडतंच, म्हणून वाटलं डाउनलोड अर्धवट होत असणार. ओलेडच्या डॉकला (कन्सोल टीव्हीला जोडायच्या स्टँडला) लॅनचं पोर्ट आहे, राउटरपासून थेट केबल ओढली. वेग छान वाढला (हा फायदा कायमचा झाला), पण गेम पडायचे ते पडतच राहिले.

मग उन्हावर. एप्रिलचं नाशिक तुम्हाला सांगायला नको. निन्टेन्डोच्या माहितीपत्रकात कन्सोल ५ ते ३५ अंशांत वापरा असं लिहिलंय आणि आमच्या हॉलची भिंत दुपारभर पश्चिमेचं ऊन खाते. डॉक भिंतीपासून हलवला, खेळ रात्री नऊनंतर. फरक शून्य.

मग फॉरमॅटवर, म्हणजे कार्डावर फाइली मांडायच्या पद्धतीवर. एक्सफॅट कार्डावर स्विचचा डेटा बिघडतो, फॅट३२ करा, हे आपल्यात सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलंय. एक अख्खी रात्र त्यात घालवली. 'निन्टेन्डो' नावाचा फोल्डर लॅपटॉपवर काढला, कार्ड फॅट३२ केलं, फोल्डर परत टाकला. चार दिवस बरे गेले. बरे गेले याचं कारण आता कळतं: त्या चार दिवसांत मी नवीन काही उतरवलं नव्हतं.

या सगळ्यात जीव खरा अडकला होता तो स्टारड्यूत. त्यासाठी बाबांचं सांगायला हवं. बाबांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. माल गेला, खरड छाटणी उरकली की ते आठ-दहा दिवस आमच्याकडे राहायला येतात. यंदा आले तेव्हा माझं स्टारड्यूतलं शेत शरद ऋतूत पोचलं होतं आणि मी द्राक्षाची रोपं लावत होते. बाबा चष्मा पुसून शेजारी बसले. "सलग काय लावतेस? मधे वाट सोड. फवारणीला कशी जाशील?" खरोखरच त्या गेममध्ये मांडवावरच्या वेलींतून माणूस आरपार जात नाही, मधली ओळ सोडावीच लागते. मला ते आधीच्या हंगामात नुकसान करून कळलं होतं, बाबांनी पहिल्या नजरेत सांगितलं. तिथे द्राक्ष दहा दिवसांत धरतं आणि मग दर तीन दिवसांनी तोडणी. "छाटणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. नाहीये म्हटल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दे इकडे." तेव्हापासून ती बाग त्यांची. २८ दिवसांचा ऋतू, पहिल्या दिवशी लागवड केली तर सहा तोडण्या बसतात, हा हिशेब त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडला.

आणि तिसऱ्या तोडणीनंतर स्टारड्यू उघडेना. बाबा काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "गेली का बाग?" मला कळेना काय उत्तर द्यावं.

बाग गेली नव्हती. हे प्रत्येक नव्या स्विचवाल्याने लक्षात ठेवावं: सेव्ह डेटा कधीच कार्डावर नसतो, तो नेहमी कन्सोलच्या आतल्या मेमरीत राहतो. कार्डावर असतो तो गेम, अपडेट, फोटो. गेम पुन्हा उतरवला, सुरू केला, आणि ओळी जशाच्या तशा, मधल्या वाटांसकट. या तीन आठवड्यांतला सगळ्यात मोठा आनंद तोच. चोर नंतर सापडला, पण घरात पेढे त्या संध्याकाळी आले.

तिथूनच डोकं शांत झालं आणि मी वही नीट भरायला घेतली. कोणत्या दिवशी कार्डावर एकूण किती जीबी होते आणि काय पडलं, एवढंच. २७ जीबीला सगळं ठीक. ३४ ला एक पडला. दोन गेम काढून २४ वर आणलं, पुन्हा उतरवलेलं सगळं ठीक. पुन्हा ३३, पुन्हा पडझड. तिशीच्या आसपास काहीतरी भिंत होती. कार्ड काढून ठेवलं, तेच पाच गेम कन्सोलच्या ६४ जीबीत उतरवले. दोन दिवस एकही निरोप नाही. कन्सोल सुटला.

काल रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं आणि एचटूटेस्टडब्ल्यू चालवला. जर्मनीतल्या 'सी-टी' या संगणक मासिकाने काढलेलं हे फुकटचं साधन आहे. दिसायला अगदी साधं, बटणं मोजकी, आणि माझ्या मते कार्ड विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे असायलाच हवं. ते रिकाम्या कार्डावर एकेक जीबीच्या फाइली काठोकाठ भरतं आणि मग त्या वाचून लिहिलेलंच परत येतंय का ते तपासतं. मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी एफ३ वापरा, काम तेच. माझ्या कार्डाचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ११ एमबीवर रांगत होता, हीच पहिली खूण. संध्याकाळी सातला सुरू केलेलं लिहिणं मध्यरात्र उलटली तरी संपत आलं नव्हतं. पाऊणला मी ते थांबवलं आणि जेवढं लिहून झालं होतं तेवढ्याचीच पडताळणी लावली. तासाभरात निकाल: २९ जीबी आणि काही एमबी शाबूत, बाकी सगळं हरवलेलं.

ही बनवाबनवी चालते कशी, ते समजून घ्या. कार्डात मेमरीची चिप असते आणि तिच्यावर देखरेख करणारी कंट्रोलरची चिप. 'माझ्याकडे २५६ जीबी आहेत' हे सांगते ती कंट्रोलर, आणि ते सांगणं खोटं लिहून ठेवता येतं. खरी मेमरी ३२ ची. ती भरली की पुढचं लिखाण एकतर कुठेच जात नाही, किंवा फिरून आधीच्या डेटावर बसतं. म्हणूनच नवा गेम उतरला की जुना मरायचा. फॉरमॅट करून हे बरं होत नाही. आणि हो, २५६ च्या खऱ्या कार्डावर विंडोज २३८ दाखवतं, त्याला घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

आज सकाळी निकालाचा फोटो घेऊन दुकानात गेले. "ताई, एकदा फॉरमॅट करून बघा ना," दादांनी सुरुवात केली. लॅपटॉप नेलाच होता, काउंटरवर उघडून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "आम्हाला पण मुंबईहून असाच माल येतो, ताई." पैसे पूर्ण परत दिले, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ड्रॉवरमध्ये त्याच पाकिटांची थप्पी होती. मी त्यांना सांगितलं की यातलं एक तरी तुम्ही स्वतः तपासून बघा. ते तपासतील असं मला मनापासून वाटतं.

नवीन कार्ड पक्क्या बिलाचं, १२८ जीबी, यूएचएस-१ वेगाचं. आधी ५१२ घ्यायचं ठरत होतं, पण वहीतली बेरीज पाहिली तर पाच गेम मिळून पस्तिशीच्या आसपास. यूएसबी ३ चा कार्ड रीडर लावून तासाभरात तपासणी पूर्ण: ११९ जीबी, एकही चूक नाही. तो हिरवा निकाल मी बाबांना दाखवला.

बाकी सामानाचं थोडक्यात. स्क्रीनवर संरक्षक काच लावताना ओलेडची मूळची फिल्म सोलू नका. स्क्रीनची काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती कारखान्यातूनच लावलेली असते आणि ती काढू नका असं निन्टेन्डोनेच सांगितलंय. जॉयकॉन (स्विचचे छोटे कंट्रोलर) बसवायचं प्लास्टिकचं स्टिअरिंग खरेदीच्या यादीतून काढलं. भाचीला मारिओ कार्टमधलं स्मार्ट स्टिअरिंग सुरू करून दिलं, ती रस्त्याबाहेर जातच नाही. बाबांना टीव्हीपासून लांब बसल्यावर अक्षरं दिसेनात, तर सेटिंगमध्ये झूम सुरू केलं. होम बटण दोनदा दाबलं की चित्र मोठं. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, तरी हे कुणी सांगत नाही.

प्रो कंट्रोलरचं, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या मोठ्या कंट्रोलरचं, मात्र मागे लिहिलेलं सगळं आता बदलतंय. तो मला झेल्डासाठी हवा होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं: स्टारड्यूत एकाच टीव्हीवर पडदा विभागून दोघांना खेळता येतं. बाबा आणि भाची एका शेतावर! बाबांच्या जाड बोटांना जॉयकॉनची बटणं सापडत नाहीत, त्यांना भरीव कंट्रोलर हवा. निन्टेन्डोचा स्वतःचा एका चार्जवर ४० तास चालतो, हे बाबांना सोयीचं. दुसरीकडे एटबिटडू कंपनीच्या अल्टिमेट ब्लूटूथ कंट्रोलरमध्ये हॉल इफेक्टच्या स्टिक आहेत, चुंबकावर चालणाऱ्या, घासणारा भाग नसलेल्या, त्यामुळे टिकायला बऱ्या. सकाळपर्यंत माझं मत निन्टेन्डोकडे होतं, आता दुसरीकडे झुकतंय. ज्यांनी दोन्ही हातात धरलेत त्यांनी वजनाबद्दल लिहा.

आणि गेमचंही बदललं. यापुढचे मोठे गेम डाउनलोड नाही, कार्ट्रिजच (गेम ज्यावर भरून मिळतो ती कन्सोलमध्ये घालायची छोटी चिप). जागा वाचते, बहुतेक कुठल्याही देशाचं चालतं, आणि खेळून झालं की आपल्यातच फिरवता येतं. पाकिटावर 'डाउनलोड आवश्यक' असं छापलंय का तेवढं बघून घ्या. भाचीच्या हातात द्यायलाही निर्धास्त, कारण कार्ट्रिजला मुद्दाम कडू लेप असतो, तोंडात घातलं की मूल थुंकावं म्हणून.

तर नाशिकमध्ये कुणाकडे झेल्डाच्या टिअर्स ऑफ द किंगडमचं कार्ट्रिज असेल, तर माझं पुढचं नवं कार्ट्रिज महिनाभरासाठी बदल्यात द्यायला तयार आहे. आणि कुणाला आपलं कार्ड तपासायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर कॉलेज रोडला घरी या. कार्ड रिकामं करून आणा. लॅपटॉप आणि रीडर माझ्याकडे आहे. बाबा पुढच्या गुरुवारपर्यंत आहेत, म्हणून या रविवारी टीव्ही मात्र मोकळा नसेल, चौथी तोडणी आहे.